भौतिकोपचार व शारीरिक शिक्षण यांतील अध्यापकवर्ग

भौतिकोपचार व शारीरिक शिक्षण यांतील अध्यापकवर्ग : मर्दन, व्यायाम, उष्णता, पाणी, वीज इ. भौतिक साधनांनी रोग्याची हालचाल पूर्ववत करण्याच्या शास्त्रास भौतिकोपचार म्हणतात. ‘फिजिओथेरपी’ या नावाने ते सर्वपरिचित आहे. निरोगी शरीर व्यायामाने घडविण्याची विद्या म्हणजे शारीरिक शिक्षण. पहिली विद्या महाराष्ट्रात आज आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत शिकविली जाते, तर दुसरी सर्वसाधारण विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्रविषयक विभागांत. दोहोंच्या अध्यापकांची अर्हता, नेमणुकीचे नियम व नियामक संस्था वेगवेगळ्या आहेत. मुळात मात्र या विद्या एकाच घरातल्या होत्या आणि त्या शिकविणारा माणूसही पुष्कळदा एकच असे. ही फारकत कशी झाली, हे अध्यापक कोठून आले व कोणती शिदोरी घेऊन आले यावरून चांगले समजते.

यूरोपातील आधुनिक परंपरेचा आरंभ स्वीडनमध्ये झाला. पेर हेन्रिक लिंग हा धर्मोपदेशकाचा मुलगा लुंड विद्यापीठात तलवारबाजीचा शिक्षक होता. त्याच्या खटपटीने १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे राजाश्रयाने मध्यवर्ती व्यायामसंस्था स्थापन झाली. तीत शैक्षणिक, लष्करी व वैद्यकीय अशा तिन्ही प्रकारचा व्यायाम एकाच छपराखाली शिकविला जाई. तेथून बाहेर पडलेला पदवीधर शाळेत कवायत घेऊ शके आणि पाठीच्या कण्याच्या रोग्यावर उपचारही करू शके. १८६४ पासून स्त्रियांनाही तेथे प्रवेश मिळू लागला. वैद्यांना, विशेषतः अस्थिव्यंगतज्ज्ञांना, ही व्यवस्था रुचली नाही. दीर्घकाळ चाललेल्या वादानंतर १९३४ मध्ये उपचारविषयक शिक्षण या संस्थेतून काढून वैद्यकीय संस्थेकडे सोपविण्यात आले. शंभर वर्षांहून अधिक काळ एकत्र नांदलेले दोन विषय असे वेगळे झाले. उपचार करणारा स्वतंत्र व्यायामतज्ज्ञ वैद्याचा साहाय्यक ठरला, हा त्याचा खरा परिणाम होय.

ब्रिटनमध्ये सुरुवातच निराळ्या वर्गाकडून झाली. मर्दनाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांवर तेथील वैद्यकीय नियतकालिकांत टीका होऊ लागली, तेव्हा परिचारिका व सुईणी म्हणून शिक्षण घेतलेल्या चार स्त्रियांनी १८९४ मध्ये प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. आपल्या व्यवसायाची अब्रू राखण्यासाठी त्यांनी वैद्याच्या चिठ्ठीवाचून उपचार करावयाचा नाही असा कडक नियम घालून घेतला. ही संस्था १९४४ मध्ये सनदी भौतिकोपचार संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. ढाल म्हणून स्वीकारलेला तो नियम पुढे बेडी ठरला. ब्रिटिश भौतिकोपचारतज्ज्ञांना स्वतःच्या निर्णयाने उपचार ठरविण्याची अधिकृत मोकळीक मिळण्यास १९७७ साल उजाडावे लागले. अमेरिकेत पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९१८ च्या सुमारास स्त्री-साहाय्यकांची जी पथके घाईने तयार करण्यात आली, त्यांत शारीरिक शिक्षणाच्या पदवीधर स्त्रियांचा भरणा मोठा होता. ऑरेगन राज्यातील रीड महाविद्यालयात त्यांचा सर्वांत मोठा वर्ग भरला. त्यांना शिकविणाऱ्या मेरी मॅकमिलन या १९२१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या आणि पुढे पीकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयातही त्यांनी अध्यापन केले.

अर्हता आणि ज्ञान या दोन गोष्टी नेहमीच एकत्र असतात असे नाही, याचे ठळक उदाहरण म्हणजे एलिझाबेथ केनी. ऑस्ट्रेलियातील या परिचारिकेजवळ रीतसर प्रमाणपत्र नव्हते. बालपक्षाघाताने (पोलिओने) लुळे पडलेले हातपाय फळ्यांनी व प्लास्टरने जखडून ठेवण्याऐवजी त्यांवर लोकरीच्या गरम पट्ट्या ठेवून स्नायूंना हालचाल पुन्हा शिकवावी, असे तिचे म्हणणे होते. मायदेशातील वैद्यांनी तिची उपेक्षा केली. १९४० मध्ये ती अमेरिकेत गेली आणि दोन वर्षांत मिनीॲपोलिस येथे तिच्या नावाची संस्था उभी राहिली. रोगाच्या कारणांविषयीची तिची उपपत्ती टिकली नाही, तिची पद्धत मात्र टिकली. मेंदूच्या विकारांनी जखडलेल्या मुलांवरील उपचारांत ज्यांचे नाव जगभर घेतले जाते त्या बेर्टा बोबाथ याही मूळच्या बर्लिनमधील व्यायामशिक्षिका होत. चेताविकारतज्ज्ञ असलेल्या पतीच्या सहकार्याने त्यांनी आपली पद्धत लंडनमध्ये विकसित केली.

महाराष्ट्रात या विद्यांचे पहिले विद्यापीठ म्हणजे तालीम. तालमीतील वस्ताद हा कुस्ती, मल्लखांब व जोर-बैठका यांचा शिक्षक असे आणि निखळलेला खांदा बसविणे, मुरगळलेला घोटा चोळणे ही कामेही त्याच्याकडेच येत. मालिश हा तेथील दिनक्रमाचा भाग असल्याने शरीराची जाण त्याच्या बोटांत असे. या परंपरेतील सर्वांत नामवंत पुरुष म्हणजे बडोद्याचे राजरत्न प्रा. माणिकराव. जुम्मादादा व्यायाममंदिराचे हे प्रमुख व्यायामाइतकेच अस्थिसंधानासाठीही प्रसिद्ध होते. त्यांचे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६). संस्कृतचे व्यासंगी असलेले कुवलयानंद अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. आसने व प्राणायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासला आणि १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था काढली. आखाडा, पाठशाळा व प्रयोगशाळा या तिन्हींचा संस्कार एकाच अध्यापकावर झाल्याचे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल. दुर्दैवाने हा संयोग पुढच्या पिढीत संस्थांच्या वाटणीत विभागला गेला.

शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकांची फळी दोन दिशांनी आली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४) व पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४) यांसारख्या स्वदेशी व राष्ट्रीय बाण्याच्या संस्थांतून काही आले. अमरावतीच्या मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले पथक नेऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. दुसरी दिशा ख्रिस्ती युवक संघाची. त्या संघाचे अमेरिकन कार्यकर्ते एच. सी. बक यांनी १९२० मध्ये मद्रासला काढलेल्या महाविद्यालयातून अनेक प्रांतांना प्रशिक्षित व्यायामशिक्षक मिळाले. मुंबई इलाख्यात लोकनियुक्त सरकार आल्यावर कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली आणि देशी व पाश्चात्त्य या दोन्ही प्रवाहांना तेथे वाव मिळाला. या संस्थेचे प्राचार्यपद भूषविलेले पी. एम. जोसेफ १९५७ मध्ये ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. त्यानंतर ग्वाल्हेरची पदवी ही या विषयातील अध्यापकपदाची एक प्रमुख वाट ठरली.

भौतिकोपचाराच्या शिक्षणाला मुंबईत चालना मिळाली ती बालपक्षाघातामुळे. स्वातंत्र्याच्या आगेमागे या रोगाचे भय शहरात वाढत होते आणि जगलेल्या मुलांचे पुढे काय करावयाचे याचे उत्तर रुग्णालयांजवळ नव्हते. फातिमा इस्माइल यांच्या लहान मुलीला हा रोग झाला. तिच्या उपचारांसाठी त्या मद्रासला अस्थिव्यंगतज्ज्ञ डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे गेल्या. तेथे मिळालेल्या अनुभवावर त्यांनी १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. त्यातूनच अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी हाजी अली येथे काम करणारी प्रसिद्ध संस्था वाढली. आईचे घरगुती ज्ञान संस्थेच्या पायाशी असल्याचे हे उदाहरण अध्यापकवर्गाच्या कोणत्याही नोंदवहीत बसणारे नाही, पण त्यावाचून पुढचा इतिहास अपुरा राहतो.

दुसऱ्या कर्त्या स्त्रीचे नाव कमला निंबकर. मूळच्या अमेरिकन असलेल्या एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून १९३० च्या सुमारास भारतात आल्या व येथल्याच झाल्या. त्यांचे पहिले कार्यक्षेत्र बालशिक्षण हे होते. पुढे त्यांनी अमेरिकेत व्यवसायोपचाराचे, म्हणजे उपयुक्त कामांच्या द्वारे रोग्यास पुन्हा स्वावलंबी करण्याच्या शास्त्राचे, शिक्षण घेतले आणि १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे विद्यालय सुरू केले. आशियातील ते पहिले मानले जाते. १९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी निर्माण झालेल्या व्यवसायोपचारकांच्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताची गणना झाली. बालशिक्षणातून आलेली व्यक्ती रुग्णालयात शिकवू लागली, ही गोष्ट आकस्मिक नव्हती. लुळ्या हाताने घास घेण्यास शिकविणे हे अध्यापनच आहे, हे तिला कोणी सांगावे लागले नाही. फलटण येथील कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाते.

त्याच के. ई. एम. रुग्णालयात १९५२-५३ मध्ये केंद्र शासन, मुंबई महानगरपालिका व जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त प्रयत्नाने भौतिकोपचाराचे विद्यालय निघाले. देशातील या विषयाचे हे पहिले विद्यालय होय. आरंभी शिकविणारे कोण होते हे पाहण्यासारखे आहे. शरीररचना, शरीरक्रिया व विकृतिविज्ञान हे विषय सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील वैद्य शिकवीत. प्रत्यक्ष उपचारतंत्र शिकविण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेमार्फत परदेशी तज्ज्ञ आले. भारतीय भौतिकोपचारक अध्यापक असणे शक्यच नव्हते, कारण तो घडविणारी संस्थाच नुकती जन्माला येत होती. पहिल्या तुकड्यांतून बाहेर पडलेल्या काहींना शिष्यवृत्तीवर परदेशी पाठविण्यात आले व परतल्यावर त्यांनी परदेशी तज्ज्ञांची जागा घेतली. परदेशी अध्यापकांबरोबर पाठ्यपुस्तके आली, शिस्त आली आणि वैद्याच्या चिठ्ठीवाचून हात न लावण्याचा ब्रिटिश दंडकही आला. परळच्या गिरणगावात रुग्णालयाच्या पायरीपासून हाकेच्या अंतरावर तालमी होत्या. पण वस्तादाला या विद्यालयाचे दार उघडे नव्हते. भोंदू हाडवैद्यांपासून रोग्याचे रक्षण करणे आवश्यक होते हे खरेच. तथापि कसबी वस्ताद व भोंदू यांच्यात भेद करण्याची तसदी घेतली गेली नाही, असे म्हणावे लागते.

१९५५ मध्ये भारतीय भौतिकोपचारकांची संघटना स्थापन झाली व १९६७ मध्ये तिला जागतिक महासंघाचे सदस्यत्व मिळाले. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्थाही १९५५ मधलीच. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दोन्ही उपचारशास्त्रांचे शिक्षण सुरू झाले. लष्कराचे कार्य याला समांतर चालू होते. अपंग सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत स्थापन झालेली व नंतर खडकीस गेलेली क्वीन मेरी तंत्रसंस्था, पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र (१९४४) व खडकीचे पक्षाघात पुनर्वसन केंद्र (१९७४) येथे पुनर्वसनाचा मोठा अनुभव साठत गेला. नागरी महाविद्यालयांच्या अध्यापनात तो जेवढा यावयास हवा होता तेवढा आला नाही. कुष्ठरोगाच्या क्षेत्रातील अनुभव आणखी निराळा आहे. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या तेव्हा शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर व्यायाम करवून घेणारी माणसे त्यांना जागीच तयार करावी लागली. त्यांत बरे झालेले रोगीही होते. यातून दक्षिणेत व महाराष्ट्रातही भौतिकोपचार तंत्रज्ञ नावाचा मधला वर्ग निर्माण झाला. या वर्गाने हजारो हात वाचविले, पण विद्यापीठीय श्रेणीत त्याला स्थान मिळाले नाही.

भौतिकोपचाराच्या पहिल्या पिढीतील अध्यापकांजवळ बहुधा पदविका, परदेशी प्रमाणपत्र व दीर्घ रुग्णानुभव एवढेच असे. अभ्यासक्रम पदवीचा झाल्यावर अध्यापकासही पदवी व कालांतराने पदव्युत्तर पदवी आवश्यक ठरली. आपल्या विभागाचे प्रमुखपद आपल्याच विषयाच्या माणसाकडे असावे हा आग्रह यातून बळावला. तोपर्यंत अस्थिव्यंगतज्ज्ञ किंवा भौतिक वैद्यकाचा तज्ज्ञ विभागाचा प्रमुख आणि भौतिकोपचारतज्ज्ञ त्याच्या हाताखाली, अशी रचना सर्रास आढळे. पगार, पदनाम व परीक्षकाचा मान या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या बाबींवरील भांडणांत व्यवसायाच्या स्वायत्ततेचा प्रश्न दडलेला होता. महाराष्ट्र विधिमंडळाच्या २००२ च्या अधिनियमानुसार व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांची राज्य परिषद अस्तित्वात आली. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा केंद्रीय कायदा २०२१ चा. एकाने नोंदणीचा व दुसऱ्याने शिक्षणाच्या दर्जाचा प्रश्न हाती घेतला.

शारीरिक शिक्षण त्याच काळात वेगळ्या वाटेने गेले. अमरावतीचे पदवी महाविद्यालय १९६७ मध्ये व महाराष्ट्रीय मंडळाचे चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय १९७७ मध्ये सुरू झाले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा १९९३ मध्ये झाल्यावर व्यायामशिक्षकाचे प्रशिक्षण हे अध्यापक प्रशिक्षणाचाच एक प्रकार म्हणून त्या परिषदेच्या नियंत्रणाखाली आले. महाविद्यालयीन अध्यापकपदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा शारीरिक शिक्षण या विषयात घेतली जाते. भौतिकोपचारासाठी अशी परीक्षा नाही. क्रीडा-मार्गदर्शक हा तिसरा वर्ग. त्याची पदविका पतियाळा येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडासंस्थेची असते. परिणामी गुडघा एकच असला, तरी तो बळकट करणारा एका मंडळाचा, त्याला पळविणारा दुसऱ्या संस्थेचा आणि दुखावल्यावर बरा करणारा तिसऱ्याच विद्यापीठाचा, अशी स्थिती झाली आहे. या तिघांना एका वर्गात बसवून शिकविणारा अभ्यासक्रम अपवादानेच आढळतो.

महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशिक येथे स्थापन झाले व राज्यातील भौतिकोपचार महाविद्यालये त्याला जोडली गेली. म्हसरूळ येथील विद्यापीठाच्या आवारातून त्यांचे अभ्यासक्रम, परीक्षा व अध्यापकांना दिली जाणारी मान्यता यांचे नियमन होते. आंतरवासितेसह पदवी व त्यानंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी अशी आखणी आहे. अध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते आणि ती अस्थि-स्नायू, चेतासंस्था, हृदय-श्वसन किंवा समुदाय भौतिकोपचार अशा एखाद्या शाखेत असते. या विद्याशाखेला ‘संलग्न’ हे विशेषण लावले जाते. ते तिच्या पूर्वेतिहासाची खूण आहे. खुद्द नाशिक शहरात मराठा विद्या प्रसारक समाजाचे भौतिकोपचार महाविद्यालय आहे. भारतात पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला व मार्च २०१४ मध्ये हा प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या रोगामुळे हे शिक्षण सुरू झाले तो नाहीसा झाल्यावर अध्यापकांचा अनुभव साहजिकच मणक्याचे दुखणे, पक्षाघाताचा झटका, शस्त्रक्रियेनंतरची हालचाल व खेळाडूंच्या दुखापती यांकडे वळला. हे रोगी बव्हंशी शहरी रुग्णालयांत भेटतात.

विद्यापीठ ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सरहद्दीजवळ, हरसूल हे गाव आहे. पूर्वीच्या पेठ संस्थानात मोडणारे हे बाजाराचे गाव आता त्र्यंबकेश्वर तालुक्यात असून परिसरात कोकणा, महादेव कोळी व वारली यांची वस्ती आहे. डोंगरउतारावर नागली, वरई व भात पिकविणे, डोक्यावरून पाणी व लाकूडफाटा वाहणे आणि पाड्यापाड्यांतील अंतर पायी तोडणे हे येथील दैनंदिन श्रम होत. या श्रमांनी होणारी मान, कंबर व गुडघे यांची दुखणी शहरी पाठ्यपुस्तकातील कार्यालयीन खुर्चीच्या दुखण्यांहून भिन्न आहेत. खुर्चीत सरळ बसण्याचा सल्ला येथे निरुपयोगी ठरतो. लावणीच्या दिवसांत वाकावयाचे नाही असे सांगणे तर थट्टाच होय. हरसूलला ग्रामीण रुग्णालय आहे. राज्यात अशी रुग्णालये साधारणपणे ३० खाटांची असतात. हात मोडलेल्या माणसाच्या हाडाला तेथे आधार मिळू शकतो. परंतु प्लास्टर काढल्यानंतरच्या व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा नाशिकला जाणे म्हणजे प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडविणे. मग रोगी गावातील हाडवैद्याकडेच जातो.

हरसूलजवळच्या सावरपाडा या वस्तीतील कविता राऊत (जन्म १९८५) यांची कारकीर्द या संदर्भात लक्षणीय आहे. डोंगरवाटांवरील अनवाणी धावण्यातून त्यांच्या पायांत आलेली ताकद नाशिक येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे मार्गदर्शक विजेंद्र सिंग यांनी हेरली. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मी. शर्यतीत कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी ग्वांगजो येथील आशियाई स्पर्धेत त्याच अंतरासाठी रौप्य व ५,००० मी. साठी कांस्यपदक त्यांना लाभले. २०१६ च्या रीओ ऑलिंपिकमध्ये त्या मॅरेथॉन धावल्या. या परिसरातून धावपटू पुढे येतात तेव्हा त्यांना हेरणारा मार्गदर्शक, शाळेतील व्यायामशिक्षक आणि दुखापतीनंतर लागणारा भौतिकोपचारक हे तिघेही बहुधा बाहेरून आलेले असतात. नाशिकमधील महाविद्यालयांत शिकविणाऱ्या वर्गात सावरपाड्यासारख्या वस्त्यांतून आलेले अध्यापक अद्याप विरळा आहेत. कोकणा वा वारली बोलीत रोग्याशी बोलणे, नागली दळताना खांदा कोणत्या कोनात फिरतो हे ओळखणे आणि पाड्यावरील हाडवैद्याला शत्रू न मानता त्याचे कसब तपासणे, या गोष्टी अर्हतेच्या तक्त्यात येत नाहीत. समुदाय भौतिकोपचार या पदव्युत्तर शाखेत विद्यार्थ्यांनी वस्तीत जाऊन काम करणे अपेक्षित असते आणि आदिवासी विकास विभागाचे आयुक्तालय व त्याच्या आश्रमशाळांचा कारभारही नाशिकमधूनच चालतो. आश्रमशाळेतील व्यायामशिक्षक व आंतरवासितेवरील भौतिकोपचारक यांना एकत्र काम करावयाचे झाल्यास त्यासाठी लागणारी दोन्ही कार्यालये एकाच शहरात आहेत. हरसूल तेथून अर्ध्या दिवसात जाऊन येण्याजोगे आहे.